ऊस पिकवायचा, रेशनचा तांदूळ खायचा: बेळगाव सीमाभागात जोंधळा, नाचणी, मसूर परत ताटात कशी येणार?

शिवारातला (धागाकर्ता), तालुका बेळगाव

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबर 2025 मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक रस्त्यावर बसले. मागणी टनाला 3500 ची होती, शेवटी सरकार मध्ये पडलं आणि 3300 वर तोडगा निघाला. त्या लढ्याला माझा पाठिंबा होता, आजही आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. जोंधळ्याच्या दरासाठी आपल्या जिल्ह्यात कुणी असा रस्ता अडवल्याचं कुणाला आठवतंय का? मसुरीसाठी? नाचणीसाठी?

अडवणार तरी कुणाच्या दारात बसून? उसाचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे, 2009 पासून त्यात एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर आला, ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे. 2025-26 च्या हंगामात 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागं 3550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पैसे थकतात, काट्यावरून भांडणं होतात, सगळं खरं. तरी भांडायला कायद्याचा कागद हातात असतो. जोंधळ्यालाही त्याच वर्षी हमीभाव जाहीर झाला, हायब्रीडला क्विंटलला 3699 आणि मालदांडीला 3749. पण त्या भावानं घेतलंच पाहिजे असं बंधन कुणावरच नाही. खरेदी केंद्र उघडलं तर उघडलं, नाहीतर अडत्यापुढं पोतं टाकायचं आणि तो देईल ते घ्यायचं.

बाकीचं बळही उसाच्याच मागं उभं आहे. हिडकल धरणाचं पाणी, 10 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला फुकट वीज, 45 किलो युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना, आता वर इथेनॉल. शेतकऱ्याला हे मिळू नये असं मी म्हणत नाही. पण जिथं पाणी पोचलं तिथं ऊस उभा राहिला आणि शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, मागं सरकला, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

आता ताटाकडं बघूया. 2025 मध्ये रेशनवर माणशी केंद्राचे 5 किलो, राज्याचे 5 किलो मिळत होते. पाच माणसांचं घर असेल तर महिन्याला 50 किलो, आणि त्यात बहुतेक तांदूळच. जोंधळा खायचा तर दुकानातून विकत आणायचा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 आणि भरडधान्य 1 रुपया असे तीन दर पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. जानेवारी 2023 पासून सगळंच फुकट झालं. म्हणजे कायद्यात जोंधळ्याला जागा होती आणि आहे. दक्षिण कर्नाटकात सरकार नाचणी हमीभावानं घेतं आणि रेशनवर वाटतं. उत्तरेला जोंधळा द्यायचं धोरण आहे, पण दुकानात तो सलग किती महिने आला ते तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट आपल्या डोळ्यासमोर रोज घडते आणि आपण तिच्याकडं बघत नाही. कडोली, काकती, कंग्राळीच्या भागातली भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते. तिथलं राज्य फलोत्पादन महामंडळ बेळगावची भाजी घेतं आणि आपल्या गाळ्यांवरून सवलतीच्या दरात गोव्याच्या लोकांना विकतं. परक्या राज्याचं सरकार आपल्या शिवारातला माल आपल्या माणसांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवतं. मग आपल्या जिल्ह्यातल्या शाळा, अंगणवाड्या, वसतिगृहं, रेशन दुकानं आपल्याच शिवारातून का भरत नाहीत?

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकार जे खात्रीनं विकत घेतं तेच शिवारात टिकतं आणि तेच गरिबाच्या ताटात येतं. भरडधान्याचे मेळावे भरवून, 2023 ला जागतिक वर्ष साजरं करून जोंधळा परत येणार नाही. खरेदी झाली पाहिजे. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे ते सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ, अथणी

दादा, लिहिलंय चांगलं, पण आमच्या बाजूनं जरा हिशेब बघा. एकरी 40 टन ऊस धरला तर 3300 नं 1 लाख 32 हजार होतात. खर्च जाऊन निम्मे तरी राहतात. शाळू एकरी 6-7 क्विंटल, पुरा हमीभाव मिळाला तरी 25 हजाराच्या आतबाहेर. कडब्याचे वेगळे, ते मान्य. पण राखण कोण करणार? आजूबाजूला ऊस आणि मध्ये एकट्याचा अर्धा एकर शाळू असला की सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्यावरच उतरतात. काढणीला बायका मिळत नाहीत. पूर्वी सगळं रान जोंधळ्याचं असायचं तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटून जायचा.

तरी एक गोष्ट खरी बोलतो. आमच्या काठाला जमिनी क्षारपड होत चालल्यात. पाट पाणी, वर्षानुवर्षं ऊसच, निचरा नाही. पांढरी फुटलेल्या रानात आता ऊसही धड येत नाही. फेरपालटाला कडधान्य घालावं हे आम्हाला कळतं, कृषी खात्यानं सांगायची गरज नाही. पण फेरपालटाचं एक वर्ष रान कमी पैशात राहणार, ती तूट कोण भरणार? सरकारनं बारीक तृणधान्यांना रैत सिरी योजनेत हेक्टरी 10 हजार दिले होते. तसं काही उसाच्या पट्ट्यात फेरपालट करणाऱ्याला द्या, वर माल घ्यायची हमी द्या, उद्या 2 एकर मोकळं करतो.

आरोग्यताई, हुक्केरी तालुका

मी गावोगाव फिरते, म्हणून ताटाबद्दल लिहिते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, कर्नाटकात 15 ते 49 वयाच्या जवळपास निम्म्या महिलांना रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीपेक्षा प्रमाण वाढलं होतं. मी ज्या घरांत जाते तिथं सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात आणि पातळ आमटी. भाजी बाजाराच्या दिवशी आणि पुढं दोन दिवस. पोट भरतं. रक्त भरत नाही. रेशनच्या तांदळात लोह घालायला सरकारनं सुरुवात केली, ते चांगलंच, पण दिवसभर तांदूळच खायचा आणि त्यातच सगळं घालून द्यायचं, हा उपाय पुरेसा नाही. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात 10 च्या आसपास. बाळंतिणीला आंबील, लहान पोराला नाचणीचं सत्त्व देणाऱ्या आपल्या आज्या हे आकड्यांशिवाय जाणत होत्या.

पण शिवारातलादादा, एका गोष्टीचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. भाकरी कोण थापणार? उसाच्या भांगलणीला सकाळी सातला निघणारी बाई चुलीपुढं बसून दहा जणांच्या भाकऱ्या कधी करणार? तांदूळ वैरून कुकर लावला की ती कामाला मोकळी होते. जोंधळा दळून आणायचा, पीठ जुनं झालं की चिरतं, विस्तव लागतो, हात लागतो. रेशनवर जोंधळा आला तरी काही घरांत तो विकला जाईल, कारण बाईकडं वेळ नाही. म्हणून मला वाटतं, खरेदीची सुरुवात शाळा आणि अंगणवाडीपासून करा. तिथं शिजवणारं माणूस मानधनावर आहे. आणि बचत गटाच्या बायकांना भाकरीचं काम द्या. बेळगावात तयार भाकऱ्या रोज विकल्या जातात, लोक रांगेत उभं राहून घेतात. वसतिगृहांना त्याच भाकऱ्या का जाऊ नयेत?

खानापूरकर

ताईंना शंभर टक्के अनुमोदन.

शाळेत फेब्रुवारी 2024 पासून आठवड्यातून तीन दिवस दुधात नाचणीचं माल्ट देतात. पोरं आवडीनं पितात, माझी पुतणी पिते. चांगली योजना आहे, कुणाचंही सरकार असो, चांगलं म्हणायलाच पाहिजे. पण त्या माल्टमधली नाचणी कुठली? आमच्या कणकुंबी, जांबोटी भागात डोंगरउतारावर अजून नाचणी करतात. पाण्याची गरज नाही, खताची गोणी नाही, पावसावर येते. ती घरात खाऊन उरलेली आठवडी बाजारात मापानं जाते. आमच्या बाजूला कुणी नाचणी खरेदी केंद्रावर घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

का घालत नाहीत? केंद्रावर विकायला फ्रूट्सचा एफआयडी, म्हणजे सरकारी शेतकरी नोंदणीचा नंबर लागतो. एफआयडीला जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला लागतं. आमच्याकडं निम्मे उतारे आजोबांच्या नावानं, वारसा नोंद झालेली नाही, सात भावांचं सामाईक. आधारवर मराठी वळणाचं नाव, उताऱ्यावर कानडी वळणाचं, एका अक्षराच्या फरकानं अर्ज मागं येतो. आणि सगळा कारभार कन्नडमध्ये. मेसेज आला तरी म्हाताऱ्याला वाचता येत नाही, मुदत निघून जाते. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे केंद्रानं 1956 पासून मान्य केलेलं आहे. खानापूर तालुक्यात मराठी माणूस किती आहे ते सांगायची गरज नाही. 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. हमीभावाचं पत्रक मराठीत छापायला कोर्टाची वाट बघायची गरज नाही.

दुसरी अडचण जनावरांची. भीमगड अभयारण्य आमच्या उशाला. गवे आणि डुकरं एका रात्रीत रान झोपवतात, दांडेलीकडून हत्ती उतरतात. भरपाईच्या फेऱ्या मारण्यापेक्षा लोक काजू लावून मोकळे होतात.

मजुराची_लेक, रायबाग

मी इथं पहिल्यांदाच लिहिते. थोडं रागानं लिहिलं गेलं तर समजून घ्या.

धाग्यात शेत असलेली माणसं बोलताहेत. आम्हाला शेत नाही. आई-बाबा दोघं दुसऱ्याच्या उसात काम करतात. जुलै 2013 मध्ये राज्याची अन्नभाग्य रेशन योजना सुरू झाली आणि 1 रुपया किलोनं तांदूळ आला, तेव्हा मी शाळेत होते. त्याच्या आधी पावसाळ्यात काम नसलं की उसनवारी व्हायची, आणि उसनं फेडायला पुढच्या सुगीत कमी मजुरीत राबायला लागायचं. तांदूळ घरात आल्यापासून आई "एवढ्या मजुरीत येत नाही" असं तोंडावर सांगू शकली. तुम्ही भातानं रक्त भरत नाही म्हणता, ते खरं असेल. पण त्या भातानं आमची मान वर झाली. म्हणून तांदूळ कमी करून जोंधळा द्या असं कुणी म्हणत असेल तर मी विरोध करणार. तांदूळ ठेवा आणि वर जोंधळा, डाळ द्या.

2023 मध्ये राज्याला केंद्राकडून जादा तांदूळ मिळाला नाही, तेव्हा जुलैपासून माणशी महिन्याला 170 रुपये खात्यावर यायचे. आमच्या घरी त्या पैशाचं तेल आणि तूरडाळ यायची. फेब्रुवारी 2025 पासून परत तांदूळ सुरू झाला. पैसे मिळायचे तेव्हा ताट जास्त भरलेलं असायचं, हेही खरं सांगते. फक्त पैसे उशिरा आले की काही हातात नसायचं, आणि डाळीचा भाव वाढला तरी 170 चे 170 च. धान्याचं तसं नसतं.

वडगावची_सून, बेळगाव

ताई, रागानं लिहिलंय असं अजिबात वाटलं नाही. लिहीत राहा.

माझा मुद्दा जमिनीचा. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, धामणे, अनगोळ या पट्ट्यात बेळगाव बासमती व्हायचा. भात शिजायला लागला की गल्लीला कळायचं. भात काढला की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा, जोंधळा. पाणी न देता दुसरं पीक, आणि रानाला कडधान्याचं खत. याच्यापेक्षा टिकाऊ शेती कुठली असते?

त्या शिवाराचं काय चाललंय बघा. हलगा-मच्छे बायपाससाठी उभ्या पिकात यंत्रं घातली, शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. जे रान उरलंय त्यात दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी तुंबतं, कारण नाला गाळ आणि जलपर्णीनं भरलेला. रोप कुजतं, दुबार लावणी होते. मसुरीला हमीभाव दिल्लीत जाहीर होतो. पण मसूर पेरायचं रानच राहिलं नाही तर तो भाव कुणाला? अन्नाचं धोरण फक्त कृषी खात्यात ठरत नाही. रस्त्याचं खातं आणि गटारीचं खातंही ते ठरवतं. आमच्या घरात आता मसूर पाकिटातली येते, आणि पाकिटावर आमच्या शिवाराचं नाव नसतं.

निपाणी_बाजार

सोयाबीनबद्दल थोडक्यात. तंबाखूच्या भावासाठी 1981 ला शरद जोशींबरोबर आमची माणसं महामार्गावर बसली, गोळीबार झाला, माणसं गेली. पुढं तंबाखू हळूहळू कमी झाली, लोक सोयाबीन आणि उसाकडं वळले. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 होता आणि बाजार त्याच्या खाली. तिकडं मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. शहरात तेल स्वस्त पाहिजे, मान्य. पण त्याचा भार सोयाबीनवाल्यानं एकट्यानं का सोसायचा? मग तोही उसाकडं जातो. आणि ऊस तरी कुठं मोकळा? सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रानं परराज्यात ऊस न्यायला बंदी काढली होती, ओरड झाल्यावर मागं घेतली. सीमेवरच्या माणसाला दोन्ही सरकारांचे निर्णय सोसायला लागतात.

साखळीहून, गोवा

माहेर बेळगाव तालुक्यातलं आहे, म्हणून वाचत होते. महामंडळाच्या गाळ्यावरून आम्ही भाजी घेतो. बाजारात आणि तिथं किलोमागं चांगला फरक असतो, तो गोवा सरकार सोसतं. गाळे वाड्यावाड्यांवर आहेत, कामावरून येताना घेता येते. स्थानिक शेतकऱ्यांचा मालही घेतात, तो आणखी वाढवावा अशी इथल्या शेतकऱ्यांची मागणी असते. व्यवस्थेत उणिवा असतील, पण पगारदार नसलेल्या घरातही रोज ताजी भाजी शिजते हे मी बघते.

कडोलीचा_माळवेवाला

ताई, तुमच्या गाळ्यावरचा कोबी आमचा असेल की ओ! पण आमच्या हातात काय पडतं ते सांगतो. माल बेळगावच्या मार्केटात लिलावाला जातो, पुढं कुठं गेला, केवढ्याला गेला, आम्हाला कळत नाही. कोथिंबीर पडली की गाडीभाडंही निघत नाही, बांधावर टाकून येतो. रताळ्याचं तसंच. उत्तरेत नवरात्र, महाशिवरात्रीच्या उपासाला मागणी असली की भाव, नाहीतर ढीग. आणि आमच्याच गावच्या शाळेत पोरांच्या सांबारात भाजी किती असते ते मुख्याध्यापकांना विचारा. त्यांना माणशी ठरलेल्या पैशात सगळं बसवायचं असतं. शाळेनं आठवड्याला 20 किलो माळवं माझ्याकडनं ठरलेल्या भावानं घेतलं तर मी पडलेल्या बाजारातही तग धरीन आणि पोरांना ताजं मिळेल. मला चढा भाव नको, ठरलेला पाहिजे.

शिवारातला (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

मजुराची_लेक, तुमच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. तांदूळ काढा असं माझंही म्हणणं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं जादा 5 किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असा इंदिरा किट द्यायला मंजुरी दिली. डाळ आणि तेल चांगलं. पण साखर कशाला? जोंधळा का नाही? ज्या जिल्ह्यात साखरेचे एवढे कारखाने आहेत तिथल्या गरिबाला साखर कमी पडत नाही, डाळ कमी पडते.

एक तांत्रिक बाजू सांगतो, कारण ती फारशी बोलली जात नाही. राज्यानं भरडधान्य हमीभावानं घेतलं तर ते ठरलेल्या मुदतीत वाटून संपवावं लागतं. पूर्वी ही मुदत तीन महिन्यांची होती, 2021 मध्ये केंद्रानं ती वाढवली. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. छोटा शेतकरी तो पहिल्या पंधरवड्यात विकतो, कारण सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं. केंद्र एप्रिलमध्ये उघडून त्याला उपयोग नाही, तोवर माल अडत्याकडं गेलेला असतो आणि मग तोच माल केंद्रावर चढतो. म्हणून केंद्र काढणीच्या आधी जाहीर झालं पाहिजे. या एका गोष्टीला नवा कायदा लागत नाही, जादा पैसा लागत नाही. जिल्हा पातळीवर वेळेत आदेश निघाला तरी पुरे.

कृष्णाकाठ, फेरपालटाच्या तुटीचं तुम्ही म्हणता ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. क्षारपड रान सुधारायला सरकार चर खोदायला पैसे देतं, मग रान क्षारपड होऊ नये म्हणून मसूर-हरभरा पेरणाऱ्याला का देऊ नये?

आरोग्यताईंचा भाकरीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता असं त्या म्हणतात. सुरुवात शाळा-अंगणवाडीपासून करावी हे पटतं. खानापूरकर, तुमच्याकडं नाचणी आहे. कडोलीकडं माळवं आहे. मागणी एकाच तालुक्यापुरती, एकाच वर्षापुरती करून बघूया का? मोठं निवेदन दिलं की ते फाईलीत जातं.

आरोग्यताई

मी अंगणवाडी सेविकांशी बोलते. पण त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादू नका, एवढी विनंती. आधीच फोनवर भरायला भरपूर आहे.

खानापूरकर

चालेल. आमच्या पंचायतीतून सुरुवात करू. पण मागणीच्या आधी एक काम आपल्याच हातात आहे. पीक पाहणीत आमच्या डोंगरउतारावर सरसकट भात लागतो, नाचणीची नोंदच पडत नाही. कागदावर नाचणी नसली तर खरेदी केंद्र कशासाठी देणार? जूनला पेरणी झाली की ज्यांच्याकडं नाचणी, वरी, जोंधळा आहे त्यांनी पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः फोटो घालून नोंद करा. ॲप कन्नडमध्ये आहे, जमत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोराला बरोबर घ्या. वारसा नोंद अडलेली असेल त्यांनी इथंच गाव आणि अडचण लिहा, सर्व्हे नंबर मात्र उघड्यावर लिहू नका, व्यक्तिगत निरोपात पाठवा. मी आणि आणखी दोघं मिळून कन्नडमध्ये अर्ज लिहून देतो, मराठी प्रत सोबत जोडतो.